जित्या माणसाचं देऊळ

निवृत्तीनंतर घरात मला एकच काम उरलं होतं. गच्चीवर वाळत घातलेले गहू राखायचे. उभं आयुष्य पोलीस खात्यात तपास करण्यात गेलं, आणि आता मी जालन्यात मस्तगडातल्या आमच्या घराच्या गच्चीवर काठी घेऊन कबुतरं हाकलत बसायचो. तक्रार नव्हती. कबुतर चोर असतं, पण पकडल्यावर आपला मामा आमदाराच्या गाडीत बसतो असं सांगत नाही.

अशाच एका सकाळी बायकोनं जिन्यातून हाक मारली. "अहो, खाली या. कुणी बाई आल्यात. रडून न्हाई राह्यल्या, म्हंजे काम मोठं दिसतंय."

पोलिसाच्या संसारात राहून तिला माणसं वाचता यायला लागली होती. मी खाली गेलो. खुर्च्या रिकाम्या असून बाई चटईवर बसली होती. पांढरी साडी, कपाळापर्यंत पदर, गळ्यात तुळशीची माळ आणि माळेच्या आत काळी पोत. साडी विधवेची आणि पोत सवाष्णीची. असा दुहेरी वेष आमच्या जिल्ह्यात मी एकाच बाईच्या अंगावर पाहिला होता. तिला लोक माताजी म्हणत.

"डोळे दाखवायला लेकीकडं आले जालन्यात," ती म्हणाली. "लेकीला सांगितलं, देवळात जाऊन येते. देवळाबिगर आपली आई कुठं जाईल, असं तिला वाटणारच न्हाई."

"बोला."

"साहेब, आमचे मालक जिते हायेत."

मी बायकोकडं पाहिलं. ती चहा टाकायला आत गेली, पण आतलं भांडं काही वाजलं नाही. दारामागं उभी राहून ऐकत होती.

ही गोष्ट समजायला थोडं मागं जावं लागेल. वाटूरच्या पुढं मोठा रस्ता सोडून आत गेलं की या बाईचं गाव लागतं. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना नावाची फार हाव आहे. बाईचा नवरा तीन भावांतला मधला. थोरला राजकारणातला, आवाज मोठा, मन लहान. धाकटा थोरल्याच्या सावलीत वाढलेला. मधला शेतात राबायचा आणि भजनात पखवाज वाजवायचा. बोलणं जवळजवळ नाहीच. पंधराएक वर्षांपूर्वी एका एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तो घरात नव्हता. गावाच्या पाझर तलावाच्या काठावर त्याचं धोतर, सदरा, माळ आणि चपला नीट मांडून ठेवलेल्या सापडल्या.

तपास माझ्याकडं आला. तलाव शोधला, विहिरी शोधल्या. प्रेत नाही. गाव पहिले काही दिवस म्हणत होतं, बुडाला. मग शेजारच्या गावाहून एक कीर्तनकार आले आणि त्यांनी भर कीर्तनात सांगितलं, जो बुडतो तो वर येतो. जो वर येत नाही तो वर गेलेला असतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्या भावाला निवडणूक लढवायची होती. घरातला माणूस सदेह वैकुंठाला गेला यापेक्षा मोठा प्रचार कोणता? तलावाच्या काठी आधी ओटा झाला, मग पादुका, मग देऊळ, मग सप्ता, मग भक्तनिवास.

मी सुरुवातीपासून एकच गोष्ट धरून बसलो होतो. काठावरच्या चपला नव्या होत्या. दिवाळीला घेतलेल्या, टाच चावत होती म्हणून त्यानं फारशा घातल्याच नव्हत्या, हे बायकोनंच सांगितलं होतं. रोजच्या जुन्या चपला घरात नव्हत्या, शेतात नव्हत्या, तलावावर नव्हत्या. ज्याला पाण्यात जायचंय किंवा आभाळात जायचंय, त्याला चपला लागत नाहीत. जुन्या चपला त्याला लागतात ज्याला लांब चालत जायचंय.

हे मी माझ्या वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला एवढ्या लोकांच्या भावनांपेक्षा चपला मोठ्या वाटतात का?" पुढच्याच महिन्यात त्यांनी गणवेशात जाऊन पादुकांना हार घातला. थोरल्यानं मला ओट्यावर बोलावून, चहा पाजून, फार गोड आवाजात सांगितलं होतं, "साहेब, तुमाला आमच्या देवाधर्मातलं काय कळणार?" त्याला काय म्हणायचं होतं ते मला बराबर कळलं. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली त्याच वर्षी घरातले देव नदीत सोडून दिले होते. मला देवाधर्मातलं कळत नव्हतं हे खरं. चपलांतलं मात्र कळत होतं. माझी बदली झाली, कागद कपाटात गेले आणि बाईला भावांनी पांढरी साडी नेसवून 'महाराजां'च्या, म्हणजे तिच्याच नवऱ्याच्या, गादीशेजारी बसवलं. भक्त तिच्या पाया पडत. तिला लेकीच्या घरी राहायला जाता येत नसे, लग्नात हळद लावता येत नसे, हसलेलं तर कुणी पाहिलंच नव्हतं. माहेरच्या माणसांनाही आधी थोरल्याला विचारूनच भेटता येई.

"कशावरून जिते?" मी विचारलं.

"त्यांचा पखवाज देवळात काचेच्या कपाटात ठिवलेला हाये. यंदाच्या सप्त्यात सकाळी उठून बघतात तर पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावलेली. सगळे वरडले, चमत्कार झाला, महाराज वाजवून गेले. नारळं फुटली. फोटो काढले. दुपारच्याला म्या कपाट पुसायला गेले, तवा नीट पाह्यलं." तिनं आपला अंगठा पुढं केला. "साहेब, पखवाजाला कणीक समदेच लावतात. न्हाईतर डाव्या अंगाचा आवाज जाड येत न्हाई. पण आमचे मालक कणकीच्या मधी अंगठ्यानं खड्डा पाडायचे. त्याबद्दल बाकीचे वाजवणारे हसायचे त्यांना. कणीक मळून म्याच द्यायची, म्हणून मला ठाऊक. त्या कणकीत खड्डा व्हता."

"दुसऱ्या कुणीही पाडला असेल."

"पाडला असंल," ती शांतपणे म्हणाली. "पण चमत्काराला कणीक कायला लागती, एवढं तरी सांगा."

एवढ्या वर्षांत त्या देवळात मंत्री येऊन गेले, डॉक्टर येऊन गेले, एक न्यायाधीशही सहकुटुंब येऊन गेल्याचं मी ऐकलं होतं. हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

ती गेल्यावर मी म्हणालो, आता आपला काय संबंध, आपण निवृत्त. बायकोनं चहाचे कप उचलले. "बराबर. तुमी गच्चीवर जा. न्हाई तरी घरात बसून माझाच तपास करता. कालची भाजी कोणत्या दुकानातून आणली, हे तीनदा इचारलं तुमी." तिसऱ्या दिवशी मी वाटूरच्या गाडीत बसलो.

देवळाचं काय वर्णन करू? संगमरवर, त्यावर पितळ, पितळेवर दिवे, दिव्यांवर दिवे. मधोमध त्या मुक्या शेतकऱ्याचं तैलचित्र. त्याला गोरं केलेलं, डोक्यामागं सोन्याचं वलय काढलेलं. मूळ फोटो माझ्याकडंच आला होता तपासासाठी. त्यात माणूस सावळा, एक डोळा जरा बारका, गालफडं बसलेली. चित्रकारानं डोळे मोठे केले आणि गालही भरले. वैकुंठात जेवण चांगलं असावं.

थोरला जिल्ह्याला बैठकीला गेला होता. धाकटा भेटला. मला पाहून त्याचा चेहरा उतरला. तसा तो मला पाहून कायमच उतरायचा. मी त्याच्याशेजारी ओट्यावर बसलो आणि म्हणालो, "पखवाजाचं कपाट छान केलंय. किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं."

मग मी काहीच बोललो नाही. तपासात ओरडणारे, हात उगारणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. भित्र्या माणसाला गप्प बसणारा माणूस सोसत नाही. धाकट्यानं तंबाखू मळली, थुंकून आला, पुन्हा बसला, उगाच पायऱ्यांवरची पानं गोळा केली.

"साहेब, थोरल्याला सांगू नका."

"काय?"

"एका भजनी मंडळाचा पखवाज फुटला व्हता ऐन टायमाला. चामडं उललं. त्यांच्यातला एक जण लई गयावया करू लागला. मंग म्या कपाट उघडून दिला. भजन झाल्यावर घाईघाईत आत ठिवला, कणीक काढायचं ध्यानात राह्यलं न्हाई. सकाळी लोक जमले, थोरला मोठ्यानं म्हणाला, हे काय? आता काय सांगू? म्हणलं, चमत्कार."

"आणि थोरला काय म्हणाला?"

"काहीच न्हाई. लाऊडस्पीकर लाव म्हणाला."

मंडळ कुठलं, ते त्यानं सांगितलं. अंकुशनगरकडचं, साखर कारखान्याच्या वस्तीतलं.

मी वाटेत हसलो, हे कबूल करतो. त्या दिवशी सगळा गाव ओरडत होता की महाराज येऊन वाजवून गेले. आणि ते अक्षरशः खरं निघण्याची शक्यता होती. एवढ्या खोटेपणातून एक खरं वाक्य बाहेर पडलं, तेही चुकून.

अंकुशनगरला गेलो तेव्हा हंगाम चालू होता. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, हवेत मळीचा गोडूस आंबट वास, तोडणी कामगारांची पालं. मंडळाचा पखवाजी कोण, असं विचारल्यावर चहाच्या टपरीवाल्यानं हातानंच दाखवलं. एका वाहतूक ठेकेदाराच्या आवारात पत्र्याच्या शेडपुढं बाजेवर एक म्हातारा भाकरी खात बसला होता. ट्रॉल्या राखायचं काम. दाढी पांढरी, गालफडं बसलेली, एक डोळा जरा बारका.

मी त्याला गावाचं नाव घेऊन विचारलं, तूच ना?

त्यानं घास गिळला. पळाला नाही, नाकारलं नाही. "बसा साहेब. भाकर खाता?"

"माझी ओळख आहे का?"

"न्हाई. पण असं इचारणारा पोलीसच असतो."

एवढी वर्षं मी या माणसाबद्दल नाना तर्क केले होते. थोरल्यानं धमकावलं असेल. जमिनीचं भांडण असेल. दुसरी बाई असेल. काही भयंकर पाहिलं असेल. मी विचारलं, का गेलास?

त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली, जणू हा प्रश्न त्यालाही पहिल्यांदाच पडला. "कटाळा आल्ता."

"कशाचा?"

"समद्याचा. थोरला म्हणायचा हे कर. धाकटा म्हणायचा ते सांगा. बायको म्हणायची, कायतरी बोला. मला बोलायचं नव्हतं. त्या दिवशी पहाटं तळ्यावर गेल्तो. आंघोळ केली. वाटलं, आता घरी जाऊ नये. पिशवीत दुसरे कपडे व्हते, जुन्या चपलाबी व्हत्या. गेलो चालत."

"नव्या चपला ठेवून गेलास."

"त्या चावायच्या."

माझ्या सगळ्या कर्तृत्वाचा एवढाच निकाल. मी बरोबर होतो, पूर्णपणे बरोबर होतो, आणि त्यामागं काही म्हणजे काही नव्हतं. मला त्याचा राग आला. खुनी माणसाचा येतो तसा नाही. आपलं ताट तसंच टाकून पंगतीतून उठून जाणाऱ्याचा येतो तसा.

"देऊळ बांधलंय तुझं, माहीत आहे?"

"हो. दोनदा जाऊन आलो मंडळाबरुबर. चांगलं केलंय. प्रसाद चांगला असतो." तो जरासा हसला. "माझ्याच पादुकांवर डोकं ठिवलं. रांगेत मागचे ढकलून राह्यले व्हते, काय करता?"

"आणि कणीक?"

तो पहिल्यांदा खाली पाहू लागला. "यंदा पखवाज हाती लागला, तवा म्हणलं कणीक आणू. तोंडाला उपरणं गुंडाळून सैपाकाच्या मांडवात गेलो. ती पोळ्यांची कणीक मळून राह्यली व्हती. म्या म्हणलं, माय, पखवाजाला जराशी कणीक द्या. तिनं तोडून दिली. वर पाह्यलं न्हाई."

"तू तिला माय म्हणालास?"

"समदेच म्हणतात तिला तिथं."

मी उठलो. मग आठवलं म्हणून विचारलं, "घरातल्या कुणाला माहीत आहे तू इथं आहेस ते?"

"थोरल्याला. मागं ऊस घालायला आल्ता कारखान्यावर, तवा समोरासमोर गाठ पडली. लई येळ बघत राह्यला. मला वाटलं मारतो आता. त्यानं चहा पाजला अन् म्हणाला, हाये तिथं बरा हायेस, तिकडं येऊ नको. मंग गेला."

म्हणजे ज्या दिवशी थोरल्याला भाऊ जिवंत सापडला त्या दिवशीही तो चहा पाजून परत गेला आणि त्यानं देवळाचं बांधकाम चालू ठेवलं. मी बेरकी माणसं पाहिलीत. दरोडेखोर पाहिलेत. त्यांच्यातल्या बहुतेकांना थोरल्यापुढं उभं केलं तर ती लेकरं वाटतील.

बाई डोळ्यांच्या निमित्तानं पुन्हा जालन्यात आली, तेव्हा मी तिला लेकीच्या घरी सगळं सांगितलं. लेक रडली, ओरडली, पुन्हा रडली. बाई ऐकत राहिली. कणकेची गोष्ट सांगू नये असं वाटत होतं, पण तपासातलं अर्धं सांगायची मला सवय नाही. ते ऐकून तिनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

"मला घेऊन चला तिकडं," ती म्हणाली.

त्या शेडपुढं ती बाजेसमोर उभी राहिली. तो उठून उभा राहिला, मग काय करावं न कळून पुन्हा बसला. मी जरा लांब थांबलो होतो, पण ट्रॅक्टर बंद होते, ऐकू येत होतं.

"बरे हायेत का?" तिनं विचारलं.

"हो."

"मला तुमी नकोत," ती म्हणाली. "आधीच सांगते, म्हंजे भ्यायचं कारण न्हाई. घरी चला म्हणायला आले न्हाई. तुमी जिते हायेत एवढं ठाण्यात अन् गावात चार माणसांपुढं सांगा. मंग जिकडं जायचं तिकडं जा. मला लेकीकडं राह्यचंय. पण मला कोणी सोडून न्हाई राह्यलं. म्हणतात, महाराजांची गादी हाये, सोडता येत न्हाई."

तो बाजेचा काथ्या नखानं उसवू लागला.

"कायतरी बोला."

"थोरला काय म्हणंल?"

तिनं पदर मागं सारला. तिचा पूर्ण चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "देव झालात, तरी भावाचं भ्या वाटतं?"

तो आला. तेवढं श्रेय त्याला देतो.

ठाण्यातला नवा अधिकारी तरुण होता, दाढी कोरलेली, टेबलावर त्याच देवळाचं कॅलेंडर. आधी मला म्हणाला, "सर, या वयात कशाला धावपळ?" मग म्हणाला, "बाहेर बोलू नका, कायदा सुव्यवस्थेचा प्रश्न होईल." मी म्हणालो, बेपत्ता माणूस समोर बसलाय, जबाब घ्या. त्यानं घेतला. माणूस मिळून आला, आपल्या मर्जीनं गेला होता, तक्रार नाही. चहा येण्याआधी काम संपलं. ज्या प्रकरणावर माझी बदली झाली, ज्याच्या डोक्यावर संगमरवराचा कळस चढला, ते अर्ध्या पानात मिटलं. अधिकाऱ्यानं जाताना त्या म्हाताऱ्याला हळूच विचारलं, "पण महाराज, म्हणजे, तुम्हाला तिथं पाण्यात असताना काही अनुभव आला का?" शिक्षण फार वाढलंय आमच्या जिल्ह्यात.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, देवळात गर्दी. बाई पुढं, मधे तो, मागं मी. थोरला पायऱ्यांवर लोकांशी बोलत उभा होता. त्यानं आम्हाला पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा खरंच भावाचा झाला, हे मी शपथेवर सांगेन. मग त्याची नजर आमच्यामागं जमणाऱ्या लोकांवर गेली आणि चेहरा पुन्हा पुढाऱ्याचा झाला.

"हे माझे मालक," बाई मोठ्यानं म्हणाली. "जिते हायेत. समद्यांनी बघून घ्या."

कुणीतरी हसलं. मोबाईल वर आले. एक म्हातारा भक्त जवळ येऊन त्या माणसाच्या तोंडाकडं चष्म्यातून बघू लागला. मग त्यानं आतल्या तैलचित्राकडं पाहिलं, पुन्हा इकडं पाहिलं आणि मान हलवली. "न्हाई. महाराज गोरे व्हते. उंचबी व्हते."

थोरला दोन पायऱ्या उतरून खाली आला. आपल्या सख्ख्या भावापुढं त्यानं हात जोडले. "पाव्हणं, कुठले तुमी?"

मी म्हणालो, "जबाब झालाय काल ठाण्यात. जाऊन विचारून या."

"साहेब, तुमचं काम झालं," थोरला माझ्याकडं न पाहताच म्हणाला. "मी पाव्हण्याला इचारून राह्यलो. बोला पाव्हणं. कुठले?"

एका शब्दाचं काम होतं. त्या माणसानं पायऱ्या पाहिल्या, गर्दी पाहिली, थोरल्याचे जोडलेले हात पाहिले. बायकोकडं मात्र पाहिलं नाही.

"कारखान्याकडचा," तो म्हणाला.

मी आयुष्यात खोटे जबाब शेकड्यानं लिहून घेतले. हा एकच असा होता की ज्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि याच्याइतका नीच जबाब मी दुसरा ऐकला नाही. गर्दी खवळली. कुणी "तोतया" म्हणालं, कुणी "पकडा". कुणीतरी त्याचं उपरणं ओढलं. धाकटा भाऊ मात्र भिंतीकडं तोंड करून उभा होता. एक बाई पुढं येऊन माताजींच्या कपाळाला अंगारा लावू लागली. "कुणीतरी करणी केली वो, माय."

बाईनं तिचा हात बाजूला केला. मला वाटलं, आता ती कोसळेल. ती थोरल्याकडं वळली आणि इतक्या शांत आवाजात बोलली की पुढच्यांना गप्प बसावं लागलं.

"बराबर. म्या चुकले. हे आमचे मालक न्हाईत. मंग मालक मेले म्हणावं, तर तुमी म्हणता मेले न्हाईत. जिते म्हणावं, तर जिते दाखवले ते परके निघाले. मंग म्या हितं कुणाची? कुणाचीच न्हाई ना? पिशवी आणते माझी."

थोरला काहीतरी बोलायला गेला. सगळ्या मोबाईलांची तोंडं त्याच्याकडं होती. माताजीला हात धरून अडवणारा माणूस पुढच्या निवडणुकीत कसा दिसेल, हे त्याला माझ्यापेक्षा जल्दी कळलं. तो बाजूला झाला. ती आत गेली, कापडी पिशवी घेऊन आली आणि रस्त्याकडं चालू लागली. लोक तिच्या पायांना हात लावायला वाकत होते. ती त्यांच्यातून वाट काढत गेली, मांडवातल्या खुर्च्यांतून काढावी तशी. नवरा तोवर गर्दीत कुठं नाहीसा झाला, कळलंही नाही. त्याला ते जमतंच.

पुढं जे झालं ते सांगायला मला आजही चीड येते. महिनाभरात देवळाच्या समितीकडून मला फोन आला. महाराजांच्या नावानं फिरणारा एक तोतया उघडकीस आणल्याबद्दल सप्त्यात माझा सत्कार करायचं ठरलं होतं. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. हस्ते थोरला. फोन करणारा मास्तर होता, शुद्ध बोलत होता. मी त्याला विचारलं, ठाण्यातला जबाब वाचलात का? तो म्हणाला, "सर, कागदोपत्री काहीही असू शकतं." मी म्हणालो, शाल माझ्या त्यावेळच्या वरिष्ठांना द्या, त्यांच्या खांद्याला सवय आहे. तो गंभीरपणे म्हणाला, "त्यांना गेल्या वर्षीच दिली."

देऊळ वाढलंच. त्या दिवसाचा व्हिडिओ त्यांच्याच लोकांनी पसरवला. महाराजांनी भक्तांची परीक्षा घ्यायला तोतया पाठवला आणि एकही भक्त डळमळला नाही, असं आता कीर्तनात सांगतात म्हणे. माताजीही अंतर्धान पावल्या, असं म्हणतात. त्या अंतर्धान पावलेल्या माताजी मला भाजीबाजारात दिसतात. गेल्या आठवड्यात त्या मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी भांडत होत्या. निळी साडी, डोक्यावर पदर नाही. भांडण चांगलं रंगलं होतं. माझ्याकडं पाहून त्यांनी मान हलवली आणि पुन्हा भांडायला लागल्या. आमच्या बायकोशी त्यांचं येणंजाणं आहे. पापड एकत्र करतात. मी घरात असलो की आवाज खाली जातो.

आणि त्याचा एकदा फोन आला. नंबर कुठून मिळवला, कुणास ठाऊक. आधी नुसता श्वास, मग तोच सपाट आवाज.

"साहेब, सप्ता जवळ आला. मंडळवाले निघून राह्यलेत. मी जाऊ का न्हाई?"

मला वाटलं, हा बायकोबद्दल काही विचारेल. लेकीबद्दल विचारेल. मी थांबलो, गप्प बसलो. धाकट्यापुढं बसलो होतो तसा. पलीकडून काही आलं नाही. त्याला खरंच तेवढंच विचारायचं होतं.

"जा की," मी म्हणालो. "तुला तिथं कोण ओळखतंय?"

"हां," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम हलका झाला. "ते बी बराबरच हाये."